गुरुजी आणि काकू : विवाहाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शुभचिंतन

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, 2023 च्या वैशाखात, कार्यकारिणीच्या वतीने केलेले भाषण)



मंडळाने आज आम्हांवर जे काम सोपविले आहे, ते वरवर पाहता अगदी सोपे आहे. आपल्या शिंपी समाजातील एक वयोवृद्ध शिक्षक, ज्यांना आपण सारे नुसते 'गुरुजी' एवढ्याच नावाने ओळखतो, त्यांच्या विवाहास या वैशाखात पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्यांस मंडळाच्या वतीने शुभेच्छा द्याव्यात, शाल व श्रीफळ अर्पण करावे, दोन शब्द बोलावेत आणि भोजनास मोकळे व्हावे, असा आजचा कार्यक्रम आहे. परंतु बोलावयास उभे राहिल्यावर असे ध्यानात येते की, गुरुजींच्या शिक्षकपणाविषयी बोलण्याचा हा प्रसंगच नाही. तो प्रसंग 2007 साली, ते सेवानिवृत्त झाले तेव्हा, याच सभागृहात मोठ्या थाटाने पार पडला, आणि त्या दिवशीची भाषणे त्या वर्षीच्या स्मरणिकेत छापलेली आहेत. आजचा सत्कार लग्नाच्या वाढदिवसाचा आहे, आणि हा सत्कार एकट्याचा करताच येत नाही.

आपल्यापैकी काही वडीलधाऱ्या मंडळींस लग्नाचा वाढदिवस ही चाल मुळीच पसंत नाही, हे आम्ही जाणतो. आपल्याकडे साठीशांत होती, सहस्रचंद्रदर्शन होते. त्या विधींत पत्नी पतीच्या शेजारी पाटावर बसते खरी, तथापि वर्षे मोजली जातात ती पतीच्या वयाची. एक्याऐंशीच्या उंबरठ्यावर एक हजार पौर्णिमा पुऱ्या होतात, आणि त्या त्याने पाहिलेल्या असतात. तिने किती पाहिल्या, हे कोणी पुसत नाही. लग्नाचा वाढदिवस शहरांतून आला, मेणबत्त्या आणि केक घेऊन आला, आणि त्या मेणबत्त्या फुंकण्याचे कौतुक आम्हांसही नाही. पण या नव्या चालीत वर्षांची मोजदाद दोघांची मिळून होते, एवढी एक गोष्ट मात्र आम्हांस फार आवडली आहे. गुरुजींचे सहस्रचंद्रदर्शन अजून सात वर्षे दूर आहे. त्या वेळी काय बोलावयाचे ते त्या वेळचे वक्ते पाहतील.

हा विवाह कोणत्या वर्षी झाला, हे ज्यांना आठवते त्यांना अधिक सांगण्याचे कारण नाही. 1972 साली पाऊस रुसला, आणि 1973 च्या वैशाखापर्यंत माणदेशातील विहिरींनी तळ दाखविला होता. खडी फोडण्याची केंद्रे ठिकठिकाणी निघाली होती. पाझर तलावांच्या कामांवर सधन घरची माणसेही पाटी उचलताना दिसत होती, आणि मुलांच्या हातांवर सुकडी पडत होती. अमेरिकेहून आलेल्या त्या लाल मिलोच्या भाकरीची चव ज्यांच्या जिभेवर अजून आहे, अशी पुष्कळ मंडळी या सभेत बसलेली आहेत. अशा दिवसांत गुरुजींचे लग्न झाले. वऱ्हाडातील कित्येक जण सकाळी कामाच्या हजेरीवर नाव लावून दुपारच्या मुहूर्तास आले, आणि अक्षता टाकून पुन्हा कामावर गेले. पंगतीत मिलोची भाकरी, आमटी आणि गुळाचा सांजा होता. लग्नाचा एकही फोटो नाही, कारण फोटो काढावयाचे पैसे दोन्ही घरी नव्हते. आज या दोघांचा जो फोटो स्मरणिकेत छापला जाणार आहे, तो मंडळाच्या छायाचित्रकाराने मागच्या महिन्यात मुद्दाम काढविलेला आहे. गुरुजी त्यात नेहमीप्रमाणे गंभीर आहेत, काकू मात्र हसताहेत.

काकूंच्या वडिलांचे बाजारपेठेत शिलाईचे दुकान होते. दुष्काळात नवे कपडे कोण शिवणार? धंदा बसला होता. भांडीकुंडी देण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी दुकानातील दोन पायमशिनींपैकी एक मशीन मुलीस आंदण दिली. पोट भरण्याचे निम्मे साधन त्या गृहस्थांनी लेकीच्या हवाली केले! ती मशीन आजही गुरुजींच्या घराच्या पडवीत आहे व चालू आहे. आमच्या ज्ञातीत मुलगा शिकून नोकरीस लागला की त्याने कात्री आणि गज खाली ठेवले, असे अभिमानाने सांगण्याची पद्धत पडली आहे. गुरुजींनी कात्री ठेवून खडू हाती घेतला, याचा त्यांच्या वडिलांस अभिमान होता आणि तो योग्यच होता. परंतु त्याच घरात कात्री चालतच राहिली, ही गोष्ट कोणाच्याही भाषणात आलेली आम्हांस आठवत नाही.

गुरुजी ज्या गावी प्रथम नेमले गेले, तेथील शाळा चौथीपर्यंत होती. पुढे शिकू इच्छिणारी आसपासच्या वाड्यांवरील मुले तालुक्याच्या गावी कोठे राहणार, हा प्रश्न होता. गुरुजींची बदली तालुक्यास झाली, तेव्हा ती मुले त्यांच्या मागोमाग आली आणि त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली. कधी पाच होती, कधी आठ होती, एका वर्षी अकरा झाली. त्यांत आपल्या ज्ञातीची होती, तशी धनगरांची होती, मातंगांची होती, आणि एक मुलाण्याचा मुलगा होता. मंडळाच्या जुन्या सभांतून यावर थोडी कुजबूज झाली होती. शिंप्याच्या घरी शिंप्याची मुले राहतील तर मंडळ धान्य देईल, इतरांसाठी मंडळाने का द्यावे, असा तो मुद्दा होता. गुरुजी त्या सभेत काही बोलले नाहीत. काकूंनी मात्र चिटणीसांच्या पत्नीजवळ एवढेच म्हटल्याचे सांगतात की, ताटे वेगळी मांडावयास माझ्याजवळ तेवढी ताटेच नाहीत. धान्य पुढेही येत राहिले.

अकरा मुलांच्या भाकरी म्हणजे काय, हे आमच्या भगिनींस सांगावयास नको. पहाटे चारला चूल पेटे. दहाला मुले शाळेत गेली की मशीन सुरू होई, ती दिवेलागणीपर्यंत चाले. गावातील बायकांच्या चोळ्या, मुलींचे परकर, म्हाताऱ्यांच्या बंड्या, शाळेचे गणवेश, काज-बटण, तुरपाई. उरलेल्या चिंध्यांच्या गोधड्या होत, आणि त्या गोधड्यांखाली ही मुले थंडीत झोपत. त्यांतील एक मुलगा पुढे तहसीलदार झाला. त्याने ती गोधडी अद्याप जपून ठेवली आहे, असे तो स्वतः आम्हांस म्हणाला. दुपारी मशीन चालू असतानाच गावातील तीन-चार मुली पडवीत येऊन बसत व माप घ्यावयास, कापड बेतावयास शिकत. गुरुजींच्या हजेरीपटावर तेहेतीस-चौतीस वर्षांत किती मुले आली, याची नोंद जिल्हा परिषदेच्या दप्तरी असेल. काकूंचा हजेरीपट कोणी ठेवला नाही. पण त्यांच्याकडे शिकून ज्यांनी आपापल्या घरी मशीन मांडली, अशा निदान बारा बायका या क्षणी या सभागृहात बसलेल्या आम्हांस दिसताहेत.

1977 च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील सरकारी व जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून संप पुकारला. तो 54 दिवस चालला. शिक्षक त्यात होते, आणि गुरुजीही होते. पगार बंद झाला. वाण्याने दुसऱ्या महिन्यात उधारी बंद केली. घरात सहा मुले परगावची आणि दोन वर्षांची स्वतःची मुलगी. गुरुजी मोर्चास जात, सभेस जात, आणि घरी आल्यावर त्यांना ताट वाढलेले मिळे. ते कोठून येते हे त्यांनी विचारले नाही, आणि काकूंनी सांगितले नाही. त्या 54 दिवसांत संक्रांत आली होती, लग्नसराईची शिलाई चालू होती, आणि काकूंनी रात्री कंदिलाच्या उजेडात मशीन चालविली होती. संप मिटल्यावर मोर्चात पुढे असलेल्यांचे सत्कार गावोगावी झाले. ते व्हावयासच हवे होते. आम्ही येथे फक्त हिशेबाची दुसरी बाजू वाचून दाखवीत आहोत.

आपण नामदेवरायांची लेकरे. परिसाची कथा आपणांस कीर्तनातून लहानपणापासून ठाऊक आहे, आणि महिपतींनी ती 'भक्तविजया'त रसाळपणे सांगितली आहे. घरात अन्नाचा दाणा नाही, नामदेव विठ्ठलाच्या भजनात दंग, आणि राजाई हताश झालेली. परिसा भागवताच्या पत्नीने तिची दया येऊन आपल्या घरचा परीस तिला घटकाभर दिला. घरातल्या लोखंडाचे सोने झाले, राजाईने बाजारहाट केला, आणि नामदेव घरी येऊन पाहतात तो चूल पेटलेली. त्यांनी तो परीस उचलला आणि चंद्रभागेत टाकला. कीर्तनकार येथे थांबतात, टाळ वाजतात, आणि आपण सारे नामदेवांच्या वैराग्यापुढे हात जोडतो. ते हात जोडणे आम्हांसही प्रिय आहे. परंतु आमच्या घरातील बायका त्या क्षणी कोणाच्या बाजूने असतात, हे आम्ही कधी कधी हळूच पाहिले आहे. त्या चुलीवर काय शिजत होते आणि ते पानात पडले की नाही, हे त्यांच्या मनात असते. राजाईच्या तक्रारीचे म्हणून जे अभंग नामदेवांच्या गाथेत दिलेले आहेत, ते आपल्या पूर्वजांनी गाळून टाकले नाहीत, जपून ठेवले. हे आपल्या परंपरेचे मोठेपण होय, असे आम्ही समजतो.

हीच गोष्ट अलीकडच्या काळातही घडलेली आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे हे गणिताचे शिक्षक. 1891 साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली, आणि त्याच वर्षी ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदा सदन उघडले, तेव्हा तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई, कर्व्यांच्या मित्राची बहीण. बरोबर चार वर्षांनी, 11 मार्च 1893 रोजी, कर्व्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. कर्व्यांच्या आईस व भावास त्याची झळ लागली. विवाहाच्या तिथीचा वाढदिवस साजरा करावयाचा झाला, तर त्या दांपत्याने तो कोणाच्या पंगतीला बसून करावयाचा होता?

गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले, आणि सारे त्यांना 'बाया' म्हणू लागले. पुढे अनाथ बालिकाश्रम निघाला, तो 1900 साली हिंगण्यास गेला, आणि कॉलेजातील तास संपवून कर्वे चिखल तुडवीत पायी हिंगण्यास जात, हे आपण शाळेच्या पुस्तकांतून वाचलेले आहे. घरी बाया मुलांना सांभाळीत. कर्व्यांनी आपली शिल्लक संस्थेस दिली, स्वतःच्या आयुष्याचा विमाही देऊन टाकला. हे बायांना सोसले काय? त्यांनी 'माझे पुराण' या आपल्या आत्मचरित्रात ही कुचंबणा झाकून ठेवलेली नाही. नवऱ्याचा अभिमान आणि नवऱ्यावरचा राग या दोन्ही गोष्टी त्या पुस्तकात शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यामुळे ते आम्हांस फार खरे वाटते. कर्व्यांचे 'आत्मवृत्त' त्याआधीच, 1915 साली, प्रसिद्ध झाले होते. आमची सूचना अशी की, ज्या घरी एक पुस्तक आहे त्यांनी दुसरे अवश्य आणावे. 1943 साली त्या विवाहास पन्नास वर्षे झाली. 1950 साली बाया गेल्या. कर्वे पुढे बारा वर्षे राहिले, आणि 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. ते पाहावयास बाया नव्हत्या.

सातारचे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची कथा तर आपल्या जिल्ह्यात घरोघर माहीत आहे. वसतिगृहातील मुलांसाठी धान्य नव्हते, तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. जैन घराण्यातील सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या माउलीने सर्व जातींच्या मुलांचे जेवण सांभाळले. 1930 साली त्या गेल्या. रयत शिक्षण संस्थेचा जो विस्तार पुढे झाला, तो त्यांस पाहावयास मिळाला नाही. आणि जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्याविषयी आम्ही काय बोलावे? 1840 साली लग्न झाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्याने तिला शिकविले, आणि 1848 पासून ती पुण्यात मुलींना शिकवू लागली. तिने त्याला लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. त्यांतील 1877 चे पत्र जुन्नरकडून लिहिलेले आहे आणि त्यात दुष्काळाची हकीकत आहे. पतीपत्नींच्या पत्रात दुष्काळ आणि कामकाज असावे, हे दुष्काळात बोहल्यावर चढलेल्या आपल्या या दांपत्यास नवल वाटावयाचे नाही.

आता मुख्य विषयाकडे वळतो, आणि तो थोडा नाजूक आहे.

2007 साली निवृत्त होताना गुरुजींस जे उपदान मिळाले, त्यातील मोठा भाग त्यांनी आपल्या मंडळाच्या वसतिगृहास दिला. सभागृह टाळ्यांनी दुमदुमले होते. त्यानंतरही दर वर्षी त्यांच्या निवृत्तिवेतनातून कोणा ना कोणा मुलाची फी भरली जाते. या सुवर्णमहोत्सवासाठी मंडळाने सभासदांकडून थैली जमविण्यास आरंभ केला, तेव्हा गुरुजींनी चिटणीसांस चिठ्ठी लिहून कळविले की, जी काही रक्कम जमेल ती परस्पर विद्यार्थी निधीत जमा करावी. चिठ्ठी त्यांच्या नेहमीच्या सुंदर अक्षरात होती, आणि तीवर एकच सही होती.

त्या चिठ्ठीवर कार्यकारिणीत बराच वेळ चर्चा झाली. गुरुजींची इच्छा ती आज्ञा, असे म्हणणारे सभासद होते, आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता. मात्र महिला शाखेच्या भगिनींनी त्याआधी काकूंची भेट घेतली होती, आणि त्यांनी जे सांगितले त्यामुळे चर्चेचा रोख बदलला. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन वर्षांपासून त्यांस सुईत दोरा ओवता येत नाही. शेजारची नात शाळेतून आली की ती ओवून देते, आणि तोपर्यंत मशीन थांबलेली असते. शस्त्रक्रियेचा विषय घरात दोनदा निघाला, आणि दोन्ही वेळा 'यंदा अमक्या मुलाची फी आहे, पुढच्या वर्षी बघू' असे ठरले. तसे ठरविणाऱ्या काकूच होत्या, हेही भगिनींनी सांगितले. गुरुजींनी त्यांना कधी अडविलेले नाही. त्यांनी डोळ्यांविषयी विचारले नाही, कारण काकूंनी सांगितले नाही. या घरात ही पद्धत 54 दिवसांच्या संपापासून चालत आलेली आहे.

तेव्हा कार्यकारिणीने एकमताने असे ठरविले आहे की, थैलीचे दोन समान भाग करावेत. एक भाग गुरुजींच्या नावे राहील, आणि तो त्यांच्या चिठ्ठीप्रमाणे विद्यार्थी निधीत जाईल. दुसरा भाग काकूंच्या नावे, त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होईल. ते खाते महिला शाखेच्या भगिनींनी मागील आठवड्यात काकूंसमवेत बँकेत जाऊन उघडले आहे. त्या रकमेचे काय करावयाचे हे काकू ठरवतील. डोळे करून घेतील, मशीनला मोटर बसवतील, पंढरीस जातील, किंवा सगळी रक्कम पुन्हा निधीत टाकतील. त्या शेवटच्या गोष्टीस आमचा कायदेशीर इलाज नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडची तारीख आधी घेऊन ठेवण्यात आली आहे. ती येत्या मंगळवारची आहे, आणि काकूंस नेण्यासाठी सकाळी आठला गाडी दारात उभी राहील. गुरुजींस विनंती की त्यांनी या भागात हात घालू नये. त्यांच्या शब्दाबाहेर हे मंडळ कधी गेलेले नाही. आज जात आहे, आणि ते राग मानणार नाहीत अशी आमची खात्री आहे.

गुरुजी आणि काकू, या पन्नास वर्षांत आपण दोघांनी किती मुलांना जेवू घातले आणि किती जणांच्या अंगावर कपडा घातला, हे आपणांसही सांगता यावयाचे नाही. आपणां उभयतांस मंडळाच्या सर्व कुटुंबांच्या वतीने आम्ही शुभेच्छा देतो. आपणांस निरामय दीर्घायुष्य लाभो, पुढील वैशाखात काकूंनी आपल्या हाताने सुईत दोरा ओवलेला आम्हांस पाहावयास मिळो, आणि गुरुजींच्या सदऱ्याचे जे वरचे बटण आम्हांस आज तुटलेले दिसत आहे, ते त्यांनी त्यापूर्वी स्वतः लावावयास शिकावे.

अध्यक्षमहाराजांस विनंती आहे की, त्यांनी उभयतांस व्यासपीठावर पाचारण करावे. खुर्च्या दोन आहेत आणि शालीही दोन आहेत. काकूंची शाल पैठणी काठाची आहे, कारण तिची निवड त्यांच्याच शिष्या असलेल्या भगिनींनी केली आहे. सत्कारानंतर भोजन आहे, पुरणपोळीचे आहे, आणि ज्यांनी 1973 ची पंगत पाहिलेली आहे त्यांनी पहिल्या पंगतीस बसावे, अशी यजमानांची सूचना आहे.